सैलमास्तरांचा हात

सैलमास्तरांना नमस्कार करायला जाणं फुकट असे. तुम्ही हात जोडायच्या आत ते तुमचं मनगट धरत, हात खांद्याइतका वर उचलत आणि सोडून देत. हात धपकन खाली आला तर "ब्येस" म्हणून घरच्यांची विचारपूस सुरू होई. हात हवेतच राहिला तर मान हलवून म्हणत, "सैल न्हाई. कुणाशी भांडून आलास?" बाजारात, देवळाच्या पायरीवर, लग्नाच्या मांडवात, कुठंही त्यांचं हे चाले. एकदा त्यांनी फलाटावर आमच्या स्टेशनमास्तरांचाच हात असा उचलून सोडला. साहेब पडले करारी. हात जिथं सोडला तिथंच ताठ उभा राहिला, आणि गाडी सुटायचा इशारा झाला असं वाटून एक म्हातारा बोचकं सावरत पळत सुटला. त्यानंतर कित्येक दिवस मास्तर दिसले की साहेब हात पाठीमागे बांधून उभे राहत.

मास्तर मूळचे मळवलीजवळच्या भाजे गावचे. तरुणपणी मावळातल्या जत्रांतून त्यांनी कुस्त्या मारल्या होत्या, आणि त्याच्या खुणा अंगावर होत्या. कान चुरगळलेले, मान खांद्यांत बसलेली, छाती दाराएवढी. अशा माणसाच्या तोंडून "सैल सोड, बाळा, सैल" हे इतक्या मऊ आवाजात येई की नवखा माणूस आधी मागं वळून बघे, दुसरं कुणी बोललं की काय म्हणून. या एका शब्दामुळे त्यांचं खरं नाव लोणावळ्यात कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

गवळीवाड्याच्या अंगाला भाताचं एक जुनं गोदाम होतं. मालकानं ते मास्तरांना सकाळपुरतं वापरायला दिलं होतं. तिथं गोणपाटं अंथरून ते आसनं शिकवत. कितीही झाडलं तरी जमिनीवर भाताची तुसं राहायचीच. सकाळच्या वेळी सदऱ्याच्या पाठीला तुसं चिकटलेला माणूस दिसला की तो मास्तरांकडून आला, हे कुणाला सांगावं लागत नसे.

हे सगळं ते कुणाकडून शिकले, याचा पत्ता मात्र त्यांनी कधी लागू दिला नाही. पुण्याहून हवा खायला आलेल्या एखाद्या वकिलानं विचारलं तर लोहगडाच्या पायथ्याला भेटलेल्या कुणा गोसाव्याची गोष्ट सांगत. आमच्यासारख्यांनी विचारलं तर म्हणत, "म्हशीकडून." आणि पुढं अगदी गंभीरपणे समजावून सांगत. "म्हस पान्यात बसलेली बघितलीस? मान तेवढी वर धरलीया. बाकी समदी म्हस सोडलेली. मान बी सोडली तर बुडंल, आन् समदंच धरलं तर तिला पान्यात बसून काय सुख? आता तू बसतोस तवा काय काय धरून बसतोस, ते सांग." मी काय सांगणार? मी सगळंच धरून बसणारा माणूस होतो.

मी मालगाडीचा गार्ड. घाटात तेव्हा विजेची इंजिनं नवी होती, पण गाडीच्या शेपटीला ब्रेकचा डबा आणि त्यात हातब्रेकचं चाक धरून बसलेला गार्ड, हे जुनंच चाललं होतं. लोणावळ्याहून घाट उतरताना सगळी गाडी पुढं ओढ घेते आणि आपण मागं एकटे. ब्रेक जास्त आवळला तर चाकं जळतात, कमी आवळला तर पुढं काय झालं ते सांगायला कुणी उरत नाही. ते आवळणं माझ्या अंगात मुरलं. घरी जेवायला बसलो तरी पाय जमिनीत रोवलेले. सासुरवाडीला, सुदुंबऱ्याला, बैलगाडीतून जाताना उतार आला की मी पायांनी फळी दाबत असे, आणि सासरे वळून विचारत, "जावईबापू, पोटात दुखतंय का?"

पुढं पुढं मान वळेनाशी झाली. रेल्वेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मागं वळून बघता येत नसेल तर गार्डाचं काम सोडावं लागेल. त्या दिवशी सरूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला मास्तरांकडे पिटाळलं. "अवो, झोपंत बी दात खाताय तुमी," ती म्हणाली. "जाताय का मीच येऊ संगं?" ती संगं आली असती, याबद्दल मला शंका नव्हती. म्हणून एकटाच गेलो.

पहिल्या दिवशी मास्तरांनी एकही आसन दिलं नाही. "नुसता पड," म्हणाले. मी पडलो, डोळे मिटले. त्यांनी मनगट उचललं, सोडलं. बराच वेळ काही होईना म्हणून मी डोळे उघडले तर माझा हात अजून वरच. "गार्डसायेब, झेंडा खाली घ्या," मास्तर म्हणाले, आणि सगळं गोदाम हसलं. मला ते फार लागलं. कामात कुणापुढं हार जाण्याचा माझा स्वभाव नव्हता. मी घरी सराव सुरू केला. सरूला जाता-येता हात उचलायला लावी, आणि तिनं सोडला की खाली सोडी. थोड्याच दिवसांत माझा हात असा आदळू लागला की गोणपाटातून धूळ उडे.

मी खूश होतो. मास्तर मात्र एक दिवस माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि कानाशी म्हणाले, "पडला न्हाई. टाकलास."

मी डोळे उघडले.

"पडतो त्यो येगळा. तुज्यासारकी मानसं सैल व्हायला बी जोर लावत्यात. जोर लावू नगं, लेका. हात माज्याकडं दिलास न्हवं? मग त्यो आता माजा. तुजं काय काम हाय त्यात?"

यावर काय करायचं ते मला कळेना. पण बऱ्याच दिवसांनी एकदा, पत्र्यावर पाऊस वाजत असताना, त्यांनी हात सोडला आणि तो खाली कधी आला ते माझं मला कळलं नाही. मास्तरांचं "ब्येस" ऐकू आलं तेव्हा कळलं. दोन पोरांचा बाप मी, आणि तिथं पडल्या पडल्या माझ्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं. मास्तरांनी नुसतं खांद्यावर थोपटलं आणि पुढच्याकडे गेले.

सैल म्हणजे आळस, असा समज करून आलेलेही पुष्कळ होते. त्यांत अग्रभागी आमचे शेठ. त्यांचं बाजारात गुडदाणीचं, म्हणजे चिक्कीचं, दुकान, आणि देह म्हणजे त्या दुकानाची जाहिरात. गोणपाटावर पाठ टेकताच शेठ घोरू लागत. हात उचलून सोडला की भरल्या गोणीसारखा पडे. आपण सगळ्यांच्या पुढं आहोत असं शेठना वाटे. मास्तर त्यांना हलवून जागं करत आणि म्हणत, "शेठ, झोपंतला हात मी धरत न्हाई. झोपंत तर चोर बी सैल असतो. जागं ऱ्हाऊन पडला पायजे."

आणि मग शेठची खरी परीक्षा सुरू होई. मास्तर त्यांना खुर्चीवर बसल्यासारखं उभं करत, खुर्ची नसताना. सैल सैल म्हणणारा हा माणूस आसनाच्या वेळी काडीची सवलत देत नसे. गुडघा इतका म्हणजे इतकाच वाकला पाहिजे, पाठ सरळ म्हणजे सरळ. शेठच्या मांड्या लटपटू लागत, गाल फुगत, डोळे बाहेर येत. "त्वांड कशाला वाकडं?" मास्तर समोर उभे राहून विचारत. "काम मांडीचं हाय, मांडीला करू द्या. कपाळाला कुणी बोलावलंय हितं? जबड्याला कुणी बोलावलंय? ज्याचं काम त्यानं करावं, बाकीच्यांनी घरी बसावं." शेठना हसू फुटे आणि ते खाली बसत. पण ते यायचे मात्र थांबले नाहीत.

घाटातून जड मालगाडी वर चढू लागली की तिचा आवाज गोदामापर्यंत येई. मास्तर शिकवणं थांबवून बोट वर करत. "ऐका. म्होरचं इंजन वढतंय. मागचं इंजन ढकलतंय. आन् मधले डबे काय करत्यात? काय न्हाई करत, नुसते जात्यात. सगळ्या डब्यांनी जोर लावला असता तर गाडी वर आली असती का?" मी रेल्वेचा माणूस. ही उपमा रेल्वेच्या नियमात कुठं बसत नाही असं मी एकदा त्यांना म्हणालो. "मग नियम बदला," मास्तर म्हणाले.

मला मात्र त्यांची शिकवण एकदा खरोखर उपयोगी पडली. खंडाळ्याच्या खाली एका बोगद्यात उतरती गाडी आणि मी चाकाला लटकलेलो. अचानक आठवलं, मास्तरांनी विचारलं होतं, "गाडी हातानं थांबवतोस का दातानं?" बघतो तर दात एकमेकांत रुतलेले, खांदे कानाला टेकलेले, पोट आत ओढलेलं. मी दात सोडले. खांदे सोडले. हात चाकावर होते तसेच पक्के ठेवले. गाडीला काहीसुद्धा फरक पडला नाही. ती पूर्वीसारखीच उतरली. इतकी वर्षं माझा जबडा गाडीला काही उपयोग नसताना राबत होता. हळूहळू मान वळू लागली. डॉक्टरांनी ती इकडून तिकडे वळवून बघितली आणि माझी गार्डाची नोकरी राहिली. सरूनं त्या दिवशी मास्तरांकडे ताटभर पुरणपोळ्या पाठवल्या. पोळी खाताना ते मला म्हणाले, "ही खायाला मातूर जबड्यासकट समद्यांनी यावं."

मग जर्मनीची लढाई आली. गाड्या वाढल्या, रजा मिळेना, माझं गोदामात जाणं तुटक झालं. एकदा बाजारात मास्तर समोरून आले. सवयीनं मी हात पुढं केला. त्यांनी तो उचलला नाही. "बरा हायेस न्हवं?" एवढं म्हणून ते पुढं गेले. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले होते, अगदी आमच्या त्या स्टेशनमास्तरांसारखे. घरी येऊन मी सरूला सांगितलं. ती चूल फुंकता फुंकता थांबली. "तुमाला ठावं न्हाई? त्यांचा हात हलतुया. लपवत्यात ते."

उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं विडी वळत असल्यासारखी सारखी चालत. वैद्यांनी कंपवात सांगितला. वर्गात मास्तर तो हात उपरण्याखाली ठेवत. पण थरथरीपेक्षा वाईट होतं ते ताठत जाणं. पावलं आखूड पडू लागली, मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागे, हसरा चेहरा उगाचच गंभीर दिसू लागला. सैल शिकवणाराच ताठ, असं म्हणून बाजारात लोक हसले. मला त्या लोकांचा अजूनही राग येतो. गोदामातली माणसं कमी होत गेली. शेठ तेवढे यायचे आणि घोरायचे, आणि मास्तर त्यांना आता उठवत नसत.

एका सकाळी सगळे गेल्यावर मास्तरांनी मला थांबवलं. ते गोणपाटावर उताणे झाले, डोळे मिटले आणि म्हणाले, "उचल."

आजवर मास्तरांचा हात आमच्यापैकी कुणी उचलला नव्हता. मी मनगट धरलं. हात गंजलेल्या चाकासारखा अडखळत वर आला. मी सोडला. तो वरच राहिला, थरथरत, आणि मग कुणीतरी उतरवून घ्यावा तसा सावकाश खाली आला.

"परत," मास्तर म्हणाले.

मी परत उचलला. या वेळी सोडताक्षणी तो धपकन खाली आदळला. ते आदळणं माझ्या चांगलंच ओळखीचं होतं.

"पडला, मास्तर," मी म्हणालो.

"टाकला मी." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "वळखलं न्हाईस व्हय? मग इतकी वर्सं काय शिकलास माज्याकडं?"

"ओळखलं."

"मग लबाड का बोललास?"

त्यांना उठून बसायला हात द्यावा लागला. बसल्यावर पाठीची तुसं मी झाडली, तेव्हा ते म्हणाले, "ज्याचा सोताचा हात पडंना, त्यानं दुसऱ्याचा कशाला उचलायचा?" पुढच्याच आठवड्यात गोदामाची किल्ली मालकाला देऊन ते आणि मावशी भाज्याला निघून गेले. मावशी म्हणजे त्यांची बायको.

मला रजा मिळाली तेव्हा भातं पोटरीला आली होती, लोंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या. मळवलीला उतरून भाज्याला चालत गेलो. मावशी दारातच भेटल्या, पिठाच्या हातांनी. "बरं झालं आलास," त्या म्हणाल्या. "आता तू उचल त्यांचा हात. सकाळधरनं मला उचलाया लावत्यात. मी भाकरी थापू का ह्यांचा हात उचलू?" आत मास्तर घोंगडीवर पडले होते. अंग वाळलं होतं, पण कपाळावर घाम होता. रोज, दिवसभर, हेच चाललं होतं. उचल, सोड, परत उचल. मला सैल व्हायला जोर लावतोस म्हणून हसणारा माणूस घामाघूम होऊन सैल होत होता.

मी धीर करून म्हणालो, "मास्तर, जोर लावताय तुम्ही."

त्यांनी नजर आढ्याकडे वळवली. "व्हय," म्हणाले. "लावतुया. कळतंय रं मला. पर सोडवत न्हाई." मग त्या हाताकडे बघून, "ह्यो पडलाच न्हाई, तर मी जलमभर लोकांस्नी काय सांगितलं? नुसती थाप मारली का?"

मास्तरांना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. मी त्यांच्या उशाशी बसलो आणि उगाचच लोणावळ्याच्या बातम्या सांगू लागलो. शेठनी आता दुकानातच गादीवर आडवं व्हायला सुरुवात केली आहे. गोदामात पुन्हा भात भरला आहे. स्टेशनमास्तरांची बदली झाली, आणि जाताना त्यांनी स्वतःच्या हातानं हमालाचा हात उचलून सोडला. ही शेवटची बातमी मी जरा वाढवून सांगितली. मास्तर हसले. मळवलीच्या बाजूनं एक लांबलचक मालगाडी जात होती. तिचा आवाज संपेपर्यंत त्यांचा डोळा लागला होता.

मग त्यांची बोटं मंदावली. विडी वळणं थांबलं. कपाळ सैल झालं, तोंड थोडं उघडं पडलं, आणि त्या ताठलेल्या चेहऱ्यातून माझे जुने मास्तर दिसू लागले. मावशी भाकरी सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मास्तरांचं मनगट धरलं. हात कुठंही अडखळला नाही. सगळं ओझं माझ्या हातात देऊन वर आला. मी सोडला.

हात पडला. घोंगडीवर पडला आणि बोटं उघडीच राहिली. मावशींनी पिठाच्या हातानंच पदर तोंडाला लावला.

थोड्या वेळानं मास्तर जागे झाले आणि बोटं पुन्हा चालू लागली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"उचलला हुतास?"

"हो."

"मग?"

"पडला."

त्यांनी माझे डोळे तपासले. माझी लबाडी त्यांनी एकदा पकडली होती, आता ते तीच शोधत होते. ती सापडली नाही. "टाकला न्हाई?"

"नाही, मास्तर. पडला."

त्यांचा चेहरा हलला. आणि मग मला ज्याची भीती होती तेच त्यांनी विचारलं. "जागा हुतो का मी?"

मावशी त्यांच्यामागून मला मान डोलावून खुणावत होत्या, हो म्हण, हो म्हण. मलाही हो म्हणायचं होतं. पण हा माणूस माझ्या अंगातलं खरंखोटं माझ्याआधी ओळखत आला होता. "नाही," मी म्हणालो. "झोपला होतात."

मास्तर हसले. आवाज फार आला नाही, पण सगळं अंग हललं. "मग धरत न्हाई," ते म्हणाले. "झोपंत तर चोर बी..." त्यांनी डावा तळवा उजव्या हातावर ठेवला, रडत्या पोराला निजवावं तसा. "पर पडला," म्हणाले. "म्हंजी हाय अजून आत. मलाच घावत न्हाई, एवढंच."

त्या दिवसापासून त्यांनी मावशींना एकदाही हात उचलायला सांगितलं नाही. हे मावशींनीच मला मागाहून सांगितलं, मास्तरांच्या दहाव्याला. भाताची कापणी उरकली आणि ते गेले. मी कामावर होतो. लोणावळ्याला निरोप कळला तेव्हा माझी गाडी मळवली ओलांडून आली होती.

म्हणजे भाज्याच्या घरातली ती भेट शेवटची. निघायची वेळ झाली तेव्हा मास्तर भिंतीच्या आधारानं दारापर्यंत आले. मी पाया पडायला वाकणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं. किती दिवसांनी धरलं. त्यांची थरथर माझ्या दंडापर्यंत चढत होती. त्यांनी माझा हात खांद्याइतका वर नेला आणि सोडला.

तो तिथंच राहिला. मला काही केल्या तो खाली सोडवेना. दात मिटलेले, खांदे कानाला टेकलेले, पाय उंबऱ्यापाशी रोवलेले, सगळं सगळं धरून मी त्यांच्यासमोर उभा होतो.

"न्हाई पडला," मास्तर म्हणाले. वर राहिलेला माझा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला आणि हळूच खाली आणला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आज ऱ्हाऊ दे."